भागतं, साहेब!

पक्के बूट काढायला वाकले होते, तेवढ्यात बायकोनं विचारलं, "किती वर्षं चाललंय हे?"

वाकलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. तो सरळ होईपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढून आयुष्यातले सगळे गुन्हे एकदा जाऊन येतात. पक्क्यांच्या खात्यावर तसे गुन्हे फारसे नव्हते, तरी त्यांना घाम फुटला.

"बूट? चार वर्षं होतील," ते म्हणाले.

"बुटांचं कोण विचारतंय? ह्याचं विचारतेय मी." आणि तिनं हातातला कागद त्यांच्या नाकापुढे धरला. तो त्या महिन्याच्या पगाराचा कागद होता.

पक्के हे त्यांचं खरं नाव नव्हे. नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात ते एकवीस वर्षं स्टोअरकीपर होते. वायसर, स्क्रू, पितळी चाव्या, हातमोजे, झाडू, सगळं त्यांच्या ताब्यात. कुणी काही मागायला आलं की, "पक्कं ना? एवढंच ना?" असं दोनदा विचारल्याशिवाय त्यांचा हात फळीकडे जात नसे. म्हणून सगळा कारखाना त्यांना पक्के म्हणायचा. माणूसही नावासारखाच. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण पगाराचं पाकीट कधी स्वतः फोडलं नाही. घरी यायचं, पाकीट टेबलावर ठेवायचं आणि मग बूट काढायचे. पुढचं सगळं बायको बघे.

आज तिनं पाकीट फोडलं होतं आणि हे असं झालं होतं.

पक्क्यांनी कागद हातात घेतला. आकडा असा लांबलचक होता की एका नजरेत मावेना. सुरुवातीपासून शेवटापर्यंत मान फिरवावी लागली.

"हा फोन नंबर असेल कुणाचा तरी," ते म्हणाले.

"फोन नंबरातून कर कापतात?"

तेवढ्यात कॉलेजातून आलेल्या लेकीनं कागद ओढून घेतला आणि मोबाइलवर हिशोब मांडला. "बाबा, नुसता कर जेवढा कापलाय ना, तेवढा तुमचा दोन वर्षांचा पगार होत नाही. आणि अख्खी रक्कम म्हणजे तुमच्या पगाराच्या शहात्तर पट."

"म्हणजे दर महिन्याला पंचाहत्तर हिस्से बाहेरच्या बाहेर जातात," बायको खुर्चीवर बसत म्हणाली. "आणि मी इथं साबणाचे तुकडे चिकटवतेय."

"अगं, शपथ घेऊन सांगतो..."

"कुणाची घेणार? माझी घेऊ नका, मला अजून जगायचंय."

पक्क्यांची नजर कागदाच्या कोपऱ्यात गेली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. कंपनीत पगाराच्या गुप्ततेचं भारी प्रस्थ होतं. कागदावर नाव नसायचं, फक्त नंबर, तोही इंग्रजी आकड्यांत. त्यांचा नंबर सोळा. हा होता एक्क्याण्णव. पक्क्यांनी कागद उलटा धरला, परत सुलटा धरला आणि हसले. सोळा उलटा धरला की एक्क्याण्णव दिसतो, एक्क्याण्णव उलटा धरला की सोळा. पाकिटं भरणाऱ्यानं घोळ घातला होता.

"आणि हे एक्क्याण्णव नंबर कोण?" बायकोनं विचारलं.

कोण कुठल्या नंबरचा, हे स्टोअरच्या वहीवरून पक्क्यांना तोंडपाठ होतं. एक्क्याण्णव नंबरनं अकरा वर्षांत स्टोअरमधून फक्त एक टॉर्च नेला होता.

"एम.डी. साहेब," ते हळूच म्हणाले.

नवरा निर्दोष ठरला याचा बायकोला आनंद झाला, पण तो पाच मिनिटंच टिकला. "शहात्तर पट," ती स्वतःशीच म्हणाली. "शहात्तर पट जेवतो का हो तो?"

"शहात्तर पट काम करत असतील," लेक म्हणाली.

"दिवसाला तास किती असतात त्याच्या?"

पक्क्यांचं मात्र त्या चर्चेत लक्ष नव्हतं. दुसऱ्याच्या पगाराची माहिती मिळवणाऱ्यावर कडक कारवाई होईल, अशी पाटी पगार खात्याच्या दारावरच होती. हा कागद गुपचूप परत जायला हवा होता. बायकोनं पिठाची खळ करून पाकीट चिकटवलं. खळ जास्त झाली, म्हणून इस्त्री फिरवली. इस्त्री जास्त तापली, म्हणून पाकिटावर टोस्टच्या रंगाचा डाग पडला. डाग जावा म्हणून लेकीनं ओलं फडकं फिरवलं. सकाळपर्यंत ते पाकीट लढाईवरून आल्यासारखं दिसायला लागलं होतं.

कामावर आल्या आल्या पक्के दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथं जमिनीवर गालिचा होता, त्यामुळे आपण चालतोय की नाही हेच त्यांना कळेना. साहेबांच्या दालनाबाहेर एका बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, मांडीवर कापडी पिशवी, पाठ मात्र ताठ.

"साहेब आहेत का आत?" पक्क्यांनी विचारलं.

"मीटिंग चाललीय म्हणे. कालपर्यंत गावाला होता, आज सकाळी परस्पर इथंच आला. मी पण त्याच्यासाठीच थांबलेय. आई आहे मी त्याची." तिनं बाकावर त्यांना जागा करून दिली. "बसा. तुम्ही कशाला आलात? पगार वाढवून मागायला?"

"छे छे!"

"मी आलेय."

पक्के बाकाच्या कडेवर टेकले. म्हातारीनं पिशवीतून एक पाकीट काढलं आणि त्यातला कागद त्यांच्या हातात ठेवला. "वाचा तुम्हीच. काल ह्याचा ड्रायव्हर टपालाबरोबर हे देऊन गेला. मला वाटायचं, पोरगा मोठा साहेब आहे. गाडी काय, स्वयंपाकाला बाई काय! आणि पगार बघा."

पक्क्यांनी कागद बघितला. स्वतःचा शर्ट दुसऱ्याच्या दोरीवर वाळताना दिसावा, तसं त्यांना झालं. तो त्यांचाच कागद होता. लेकीची फी भरायला गेले होते त्या अर्ध्या दिवसाची कपात त्यात होती, कँटीनच्या चहाची कपातही होती.

"एवढ्याशा पगारात ड्रायव्हर ठेवतो, म्हणजे एक तर कर्ज काढलंय नाही तर चोरी करतोय," म्हातारी म्हणाली. "मी त्याला चोर म्हणून वाढवलेलं नाही. म्हणजे कर्जच. कालच स्वयंपाकाच्या बाईला हात जोडून सांगितलं, बाई, तुझे पैसे बुडतील, दुसरं काम बघ. ड्रायव्हरला पण सांगितलं. आज बसनं आलेय मी."

"आई, मी काय म्हणतो, हा कागद..."

"कागद खरा आहे. शिक्का बघितला मी." तिनं कागदावर बोट आपटलं. "एवढे पैसे देऊन एका माणसाला महिनाभर राबवून घ्यायचं, ह्याला पाप म्हणतात. म्हणतात की नाही?"

पक्के चूक सांगणार होते, पण थांबले. सोळा नंबरच्या बाजूनं एवढ्या तावातावानं एकवीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं. खुद्द सोळा नंबरसुद्धा. त्यांना वाटलं, हिला अजून थोडं बोलू द्यावं. चूक कबूल करायला आख्खा दिवस पडलाय.

"चला," म्हातारी एकदम उठली आणि तिनं पक्क्यांचं कोपर धरलं. "किती वेळ बसायचं? तुम्ही साक्षीला चला."

"मी? अहो आई, मी इथला साधा..."

पण शिवणकामात कात्री चालवून चालवून घट्ट झालेला हात होता तो. दार उघडलं आणि दोघं एकदम आत गेले.

आत लांबलचक टेबल होतं. एका टोकाला कंपनीचे वृद्ध अध्यक्ष, त्यांच्या उजव्या हाताला एम.डी. साहेब आणि डाव्या हाताला हिशेब खात्याचे मुख्य. ह्या मुख्यांना सगळे टक्केसाहेब म्हणत, कारण बायकोची तब्येत विचारली तरी ते 'गेल्या महिन्यापेक्षा दहा टक्के बरी' असं उत्तर देत.

"आई! तू इथं?" साहेब उठले.

"तू गप्प बस. तुझ्यानं बोलवत नाही म्हणून मला यावं लागलं." मग अध्यक्षांकडे वळून, "मालक तुम्ही का?"

"तसा मीच. बसा ना, आई," अध्यक्ष म्हणाले.

"बसायला नाही आले. ह्या पगारात माझ्या मुलानं महिना कसा काढायचा, तेवढं सांगा. मी जाते." तिनं कागद टेबलावर ठेवला.

टक्केसाहेबांनी सवयीनं कागद उचलला, सवयीनं फक्त रकमेचा रकाना बघितला आणि सवयीनंच उत्तर दिलं. "तिसरी श्रेणी. बाजारभावापेक्षा चार टक्के जास्तच आहे, आजी. चार माणसांचं कुटुंब ह्यात आरामात राहतं. आम्ही पाहणी करून घेतलीय."

"कुणाला विचारलंत?"

"तज्ज्ञांना."

"आणि त्या तज्ज्ञांना पगार किती?"

अध्यक्षांना पाणी पिताना ठसका लागला.

म्हातारीनं बोटं मोजायला सुरुवात केली. भाडं. वीज. दूध. बसचा पास. पोरांचं शिक्षण. गुडघ्यांच्या गोळ्या. एक हात संपला, दुसरा संपला. "झाले पैसे खलास. तोवर तारीख किती होते? वीस. आता उरलेले दहा दिवस ह्यानं काय खायचं? तुमचे नळ?"

"आई, ऐक माझं," साहेबांचे कान लाल झाले होते. "हा माझा पगार नाही."

"मग कुणाचा?"

टक्केसाहेबांनी आता नंबर बघितला. "सोळा. हा सोळा नंबर कोण?"

पक्क्यांचं कोपर अजून म्हातारीच्या हातातच होतं, त्यामुळे पळून जायची सोय नव्हती.

"मी," पक्के म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू भिंतीवरचं कॅलेंडर बोललं. साहेब मात्र ओशाळून हसले. माणूस वाईट नव्हता तो. त्यांनी खरोखरच मनापासून विचारलं, "पक्के, ह्या पगारात तुमचं भागतं का?"

सबंध कारखान्यानं ज्या प्रश्नाची वाट बघावी, तो प्रश्न पक्क्यांपुढे ताटात वाढून आला होता. आणि एकवीस वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बाहेर पडली.

"भागतं, साहेब."

"बघा!" टक्केसाहेबांनी टेबलावर थाप मारली.

म्हातारीनं कोपर सोडलं. "अहो, मी इथं घसा कोरडा करतेय आणि तुम्ही भागतं म्हणता?" पण पक्क्यांचा चेहरा पाहून तिचा आवाज खाली आला. "लाज वाटते ना भागत नाही म्हणायला? मला पण वाटायची. शिलाई मशीनवर जन्म गेला माझा. ह्याच्या शाळेत गेले, तिथं म्हटलं, भागतं. दुकानदारानं विचारलं, त्याला म्हटलं, भागतं. ह्यानं विचारलं, आई तू जेवलीस का, त्याला म्हटलं, हो."

साहेबांनी मान खाली घातली.

"मग माझ्या मुलाचा कागद कुठंय?" म्हातारीनं विचारलं.

पक्क्यांनी खिशातून ते युद्धातून परतलेलं पाकीट काढलं. खळ वाळली होती, पाकीट आपोआप उघडलं. म्हातारीनं चष्मा सावरून कागद वाचला. परत वाचला.

"हा वर्षाचा का रे?"

"महिन्याचा," साहेब पुटपुटले.

म्हातारी आता खुर्चीवर बसली. "एवढं काय करतोस रे तू?"

साहेबांनी जबाबदारी, निर्णय, जोखीम असं काही सांगायला सुरुवात केली, पण आईला आपलं काम समजावून सांगायची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती आणि एकही वाक्य पुरं होईना. टक्केसाहेब मदतीला धावले. "डोकं लागतं, आजी. मोठ्या जागेला मोठं डोकं लागतं. त्याचा पगार आहे तो."

"असं? मग त्या मोठ्या डोक्यानं ह्या छोट्या कागदात एक महिना काढून दाखवू दे."

अध्यक्षांना कित्येक वर्षांत एवढी चांगली मीटिंग लाभली नव्हती. "मान्य!" ते म्हणाले. "पुढचा महिना ह्या पगारात काढायचा. भागलं, तर टक्के म्हणतात ते बरोबर. नाही भागलं, तर तिसऱ्या श्रेणीचा पगार वाढवू. लिहून घ्या."

ह्या सगळ्या गडबडीत पक्क्यांवर कारवाई करायचं मात्र राहूनच गेलं.

एक तारखेला म्हातारीनं साहेबांची बँकेची सगळी कार्डं शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवून दिली. साहेब पहिला आठवडा मजेत होते. त्यांनी भारीतली कॉफी आणली, शर्ट धोब्याकडे टाकले, बस चुकली म्हणून दोनदा टॅक्सी केली. इकडे कँटीनमध्ये तिसऱ्या श्रेणीतली एकशे चाळीस माणसं रोज त्यांच्या खर्चाच्या बातम्या ऐकत होती आणि प्रत्येक टॅक्सीला टाळ्या पडत होत्या. जो तो पक्क्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "पक्के, नुसतं गप्प बसायचं. साहेब बुडाले की आपण तरलो."

चौदा तारखेला दुपारी साहेब एकटेच स्टोअरमध्ये आले आणि वायसरच्या खोक्यावर बसले. हातात कागदात गुंडाळलेला कोरडा ब्रेड होता.

"पक्के," ते म्हणाले, "पंधरा तारखेनंतर तुम्ही काय करता?"

"काही नाही साहेब. असंच."

"असंच म्हणजे कसं?"

पक्क्यांनी स्क्रू मोजायला घेतले. आधीच मोजलेले होते ते. साहेब ब्रेड खाऊन, हात झटकून निघून गेले. जाताना म्हणाले, "आईला सांगू नका. तिला वाटतं, मी कँटीनमध्ये जेवतो." पक्क्यांना मात्र त्या संध्याकाळी घास गोड लागेना. शेवटी त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"उपाशी आहे तो?" तिनं विचारलं.

"उपाशी नाही. ब्रेड खातो."

"उद्या घेऊन या त्याला."

"अगं, वेड लागलंय का तुला? तू शिकवलंस तर तो महिना काढेल! आणि त्यानं महिना काढला की आपली वाढ गेली. एकशे चाळीस घरांची गेली!"

"मग काय, माणूस गटांगळ्या खातोय आणि आपण काठावर बसून बुडबुडे मोजायचे?" ती भांडं घासता घासता थांबली. "आणि चोवीस वर्षं मी हे करतेय. कसं करतेस म्हणून पहिल्यांदा कुणी तरी विचारायला आलंय. मी सांगणार."

ह्यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब पक्क्यांच्या स्वयंपाकघरात, डगमगत्या स्टुलावर, वही-पेन घेऊन बसले. बायकोनं आधी त्यांना पोटभर जेवू घातलं आणि मग त्यांच्या खर्चाची यादी मागितली.

"ही कॉफी कशाला?"

"सकाळी लागते, वहिनी."

"लागते तर लागू दे. कोण बघतंय?" तिनं त्यावर काट मारली. "भाजी सकाळी आणता? सकाळी श्रीमंतांनी आणावी. बाजार उठायच्या आधी अर्धा तास जायचं, पण घाई आहे असं दाखवायचं नाही. तेलाची बाटली संपली की लगेच फेकायची नाही, उलटी ठेवायची. अजून दोन दिवसांची भाजी निघते. बसमध्ये जकात नाक्याच्या आधीच उतरायचं, तिथून पुढे भाडं वाढतं. डॉक्टरांना विचारायचं, ह्याच गोळीला दुसऱ्या नावाची स्वस्त गोळी आहे का. असते. आपण विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत. आणि कुणी लग्नाला बोलावलं तर?"

"तर जायचं?" साहेबांनी पेन उचललं.

"जायचं. पण एकट्यानं."

साहेब भराभर लिहीत होते. थोड्या वेळानं त्यांनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, एवढं सगळं तुमच्या लक्षात कसं राहतं?"

"लक्षात ठेवावं लागत नाही," ती म्हणाली. "विसरायची सोयच नाही."

त्यानंतर साहेब दर दोन दिवसांनी येऊ लागले. एकदा म्हातारीही आली. तिनं पडद्याची उसवलेली शिवण बघवेना म्हणून सुई मागून घेतली आणि दोन्ही बायका साहेबांसमोरच साहेबांच्या चुका मोजत बसल्या. पक्के दारात उभे राहून बघत होते. आपल्या बायकोला एवढं काही येतं, हे त्यांनाही इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं होतं आणि बूट काढले होते, बस्स.

बातमी कँटीनला कळायला वेळ लागला नाही. पक्के येताच टेबलं रिकामी होऊ लागली. "फितूर," असं कुणी तरी स्टोअरच्या दारावर खडूनं लिहिलं. पक्क्यांनी ते पुसलं आणि नवा खडू दिल्याची नोंद कुणाच्या नावावर आहे, ते वहीत बघितलंही. पण वही परत मिटून ठेवली. लिहिणाऱ्याच्या घरी दोन पोरं होती आणि त्याला वाढ हवी होती.

महिना संपला. एक तारखेला मीटिंग भरली आणि पक्क्यांना साक्षीला वर बोलावलं. म्हातारी आधीच येऊन बसली होती. साहेबांनी वही टेबलावर ठेवली आणि तिच्यावर उरलेली तीन नाणी ठेवली. त्यांत एक साबणाची वडी आली असती, तीही लहान.

"म्हणजे भागलं!" टक्केसाहेब हर्षानं ओरडले. "शंभर टक्के भागलं! मी म्हणत नव्हतो?"

अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. "ठरल्याप्रमाणे, मग वाढ नाही."

पक्के गालिच्याकडे बघत राहिले. आता एकशे चाळीस माणसांना तोंड कसं दाखवायचं?

"भागलं," साहेब उभे राहिले. "पण मी नाही भागवलं. मी चौदा तारखेलाच बुडालो होतो. ह्यांच्या घरच्यांनी मला बाहेर काढलं, आणि तेही आपली वाढ जाणार हे माहीत असताना." त्यांनी वही उघडली. "मी ह्या कंपनीच्या तीन वर्षांच्या योजना आखतो. चुकलं तर पुढच्या वर्षी दुरुस्त करतो, आणि चुकीचाही पगार घेतो. त्या घरात सकाळी चुकलं तर संध्याकाळच्या ताटात दिसतं. टक्के, तुम्ही म्हणालात, मोठा पगार मोठ्या डोक्याचा असतो. तसं असेल तर आपण इतकी वर्षं तो पैसा चुकीच्या पत्त्यावर पाठवतोय."

टक्केसाहेबांनी तोंड उघडलं. पण ह्या वाक्याची टक्केवारी त्यांना काढता येईना, म्हणून मिटलं.

अध्यक्षांनी पक्क्यांकडे पाहिलं. "तुम्हाला मी परत तोच प्रश्न विचारतो. ह्या पगारात भागतं का तुमचं?"

पक्क्यांची जीभ सवयीनं 'भा'वर गेली. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. ती चष्म्यावरून त्यांच्याकडेच बघत होती.

"माझं भागतं, साहेब," पक्के म्हणाले, "कारण घरी तिचं भागत नाही."

एवढं बोलून त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना भलतीच शरम वाटली. पण म्हातारीनं त्यांचं कोपर परत धरलं, आणि ह्या वेळी अगदी हलक्या हातानं.

साहेबांनी आपल्या पगाराचा पाचवा हिस्सा सोडला. तिसऱ्या श्रेणीचा पगार एक पंचमांशानं वाढला. कमी पडलं ते अध्यक्षांनी आपल्या नफ्यातून घातलं, आणि सगळे बघताहेत म्हटल्यावर टक्केसाहेबांनीही दोन टक्के दिले. लेकीनं घरी हिशोब करून सांगितलं, शहात्तर पटींचे आता एक्कावन्न पट झाले. आभाळ काही जमिनीला टेकलं नव्हतं. पण कँटीनमध्ये पक्के आले की माणसं उठून खुर्ची देऊ लागली. स्टोअरच्या दारावर कुणी तरी खडूनं 'वहिनींना नमस्कार सांगा' असं लिहिलं. हे मात्र पक्क्यांनी पुसलं नाही.

वाढलेल्या पगाराचा पहिला महिना सरत आला. अठ्ठावीस तारखेला रविवार होता. दुपारी चारच्या सुमारास पक्के पाणी प्यायला उठले, तर बायको स्वयंपाकघरात खुर्चीवर नुसती बसलेली. महिन्याच्या ह्या दिवशी, ह्या वेळेला तिला बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. डबे सगळे उघडे होते. साखर होती. तेल होतं. बाटली सरळ उभी होती.

पक्के घाबरले. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. "काय होतंय तुला?"

"काही नाही," ती म्हणाली. "काहीच होत नाहीये. तेच बघत बसलेय."

पक्क्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि तेही बघत बसले.